हरणीला चार बेंड

"चार बेंड लागत्यात, मालक," गाडीखालून आवाज आला. "आणि चारी सारखं. एक जरी तोकडा झाला, तर हरणी जल्मभर खोकत बसंल."

गाडीखाली बाबालाल मिस्त्री होते. बाहेर त्यांचे फक्त दोन पाय दिसत होते, आणि मामा त्या पायांशी देव्हाऱ्यासमोर बोलावं तसं अदबीनं बोलत होते.

"सारखंच करा. पण आवाज घुमला पाहिजे."

"किती?"

"शेजारी बसलेलं माणूस ओरडलं, तरी चालवणाऱ्याला ऐकू येता कामा नये."

एक पाय दुसऱ्याला खाजवायला लागला.

"मालक, लोक माझ्याकडं आवाज कमी करायला येत्यात."

"लोकांच्या बायका गाडीत बसत्यात," मामा म्हणाले.

मामा म्हणजे माझे सासरे, दत्ताजीराव सरनोबत. मी बार्शीच्या शाळेत भूगोल शिकवत होतो, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि धोंड्याचा महिना लागला म्हणून जावयाचा मान घ्यायला कोल्हापूरला आलो होतो. अधिकमासातला जावई म्हणजे विष्णू, असं माझ्या आईनं निघताना सांगितलं होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी विष्णूच्या हातात पाना देऊन त्याला मिस्त्रींच्या आवारात उभं केलं होतं.

हरणी ही मामांची दोन सीटची, उघड्या टपाची, निळी विलायती गाडी. नाक लांब, कंबर बारीक, मागून गोल. कुठल्याशा धरणावरचा गोरा इंजिनिअर मायदेशी परतताना ती मामांना देऊन गेला, त्याच साली मामांचं लग्न झालं. दोघी एकाच वर्षी घरात आल्या, म्हणून मामी तिला सवत म्हणायच्या. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, नव्या नवरीच्या दिवसांत दोनदा तीत बसल्या होत्या. त्यानंतर कधीच नाही. देवाला जायचं असो, लग्नाला जायचं असो, त्या एसटीनं जायच्या आणि हरणी मोकळी सीट घेऊन एसटीच्या मागून यायची.

"परवा धोंड्याचं जेवण झालं की शेवटचं विचारणार," मामा माझ्याकडं वळून म्हणाले. त्यांच्या हातात जुन्या लुगड्याचं फडकं होतं आणि ते बॉनेटवरून फिरत होतं. "पन्हाळ्याला येता का म्हणून. बसल्या तर बसल्या. न्हाई तर हरणीला निरोप."

"विकणार?"

"पुण्याचा एकजण मागं लागलाय. पण त्याला सगळं मुळातलं पाहिजे. एक नट बदललेला चालत न्हाई."

"मग हे चार बेंड कशाला बसवताय? तो घेणारच नाही."

"मग भंगारात जाईल. दोन सीटांची गाडी एकट्यानं हाकायची आता मला लाज वाटाय लागलीया, पाव्हणं."



बेत असा होता. इंजिनच्या डाव्या अंगाला बिडाचा एक जाड मॅनिफोल्ड होता. चारी सिलिंडरांचा धूर त्यात एकत्र व्हायचा, तिथून लांब नळीनं सायलेन्सरमध्ये जायचा आणि शेपटाखालून सभ्यपणे बाहेर पडायचा. तो मॅनिफोल्ड काढायचा. त्या जागी चार वेगळ्या नळ्यांचा हेडर, म्हणजे चारी सिलिंडरांना स्वतःचा स्वतंत्र गळा. मग चारांची एक जाड नळी करून ती पुढच्या मडगार्डाला भोक पाडून बाहेर काढायची आणि डाव्या दाराखालून उघडी न्यायची. सायलेन्सरला रजा. डावी बाजू म्हणजे शेजारच्या सीटची. सगळा कल्लोळ तिथं बसणाऱ्याच्या मांडीखाली होणार होता.

"ज्या बाईला गाडी आवडत नाही, तिच्याच कानाशी नळी?" मी विचारलं.

"तुमी बेंड सांगून या," मामा म्हणाले.

"गंगावेशीत जावा," गाडीखालचे पाय म्हणाले. "कुणाला बी विचारा बेंडवाला कुठं हाय म्हणून."

जाताना डबा घ्यायला घरी डोकावलो. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं आणि आत मिक्सर गरगरत होता. त्या घरात मिक्सर नवा होता आणि मामींना त्याचं वेड लागलं होतं. मूठभर शेंगदाणे घालून दार लोटायच्या आणि इतका वेळ फिरवायच्या की शेंगदाण्याची चटणी पानात पडायची तेव्हा तिचं गंध झालेलं असायचं. कपाळाला लावावं असं. माझी बायको शालन म्हणायची, "आई, जरा भरड ठेव की गं." मामी म्हणायच्या, "माझं ध्यान राहत न्हाई." मामा काही न बोलता गंध भाकरीला लावून खायचे.

मी दार ढकललं तसा मिक्सर बंद झाला. मामी भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. वळल्या तेव्हा चेहरा लाल, तोंड अजून अर्धवट उघडं, जसं काही चूल फुंकत होत्या.

"काय पाहिजे, जावईबापू?"

"काही नाही. बेंड सांगायला चाललोय."

"सवतीला?" त्या म्हणाल्या. "चांगलं चार सांगा."

गंगावेशीत पानवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कुठला बेंडवाला? हितं चार हाइत." मला बरं वाटलं. आम्हाला चारच हवे होते. त्यानं दाखवलेल्या दुकानात शिरलो आणि थक्क झालो. भिंतीवर खिळ्याखिळ्याला पितळेच्या नळ्या टांगलेल्या. एकेकीला तीनतीन वेढे, कुठं चेप नाही, कुठं सुरकुती नाही. मनात म्हटलं, कारागीर असावा तर असा. गादीवर लाल डगला घातलेले एक गृहस्थ पान लावत होते. सिद्राम मास्तर असं त्यांचं नाव.

"बाबालाल मिस्त्रींनी पाठवलंय," मी म्हणालो. "चार बेंड पाहिजेत. परवा."

"चार?" त्यांचा चुन्याचा हात थांबला. "एवढं दांडगं काम कुणाकडचं?"

"दत्ताजीराव सरनोबतांकडचं."

"धोंड्याच्या महिन्यात? ह्या महिन्यात कुणी करतं व्हय?"

"त्यांना घाई आहे. हरणीसाठी आहे."

"हरणी." त्यांनी नाव चघळून बघितलं. "जुन्या वळणाचं नाव हाय. कुठली म्हणायची?"

"विलायती."

पान हातातच राहिलं. "मड्डम?"

मला वाटलं, इथं गाड्यांना तसं म्हणत असतील. "हो. पण फार वर्षांपासून मामांकडंच आहे. मामी तिला सवतच म्हणतात."

"आईसाब्बास," सिद्राम मास्तर हळूच म्हणाले. "आणि आता उजळ माथ्यानं... बरोबर हाय. विलायती लोकास्नी मुहूर्त नसतो. आवाज कसा पाहिजे?"

"मोठा. शेजारी माणूस ओरडलं तरी ऐकू येऊ नये."

"त्याची काळजी सोडा," ते म्हणाले आणि त्यांनी मला स्वतःसाठी लावलेलं पान दिलं.

मी परत येऊन सांगितलं, काम झालं, सिद्राम मास्तर परवा चारी बेंड घेऊन स्वतः येतायत.  गाडीखाली ठण्णकन आवाज झाला. मिस्त्रींचं डोकं चेंबरला लागलं होतं. ते डोकं चोळत, सरपटत बाहेर आले आणि तसेच जमिनीवर पडून हसत राहिले.

"अवो पाव्हणं, सिद्राम लग्नात वाजवतो! त्यो बेंडबाजा! मी नळीचं बेंड म्हटलं, नळीचं!"

बार्शीत आम्ही त्याला बँड म्हणतो. एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकतो.

लगोलग उलटा गेलो. मास्तरांना सगळं समजावलं. हरणी ही गाडी आहे, लग्न नाही, नवरी नाही, नळ्या वाकवायच्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"असं सांगायचं ठरलंय व्हय? कळलं. माझ्या तोंडातनं शब्द जायचा न्हाई."

तोंडातून शब्द गेलाच असणार, कारण रात्रीच्या जेवणाला मामींनी मामांच्या पानात चटणी वाढली आणि विचारलं, "मड्डम कधी यायची म्हणायची? कासारीण सांगत हुती. तिला तिखट चालतंय का तेवढं बघून ठेवा."

मामांना असा ठसका लागला की शालननं त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या. मी ताटात बघून गंध खाल्लं.

पुन्हा घोटाळा नको म्हणून बेंड शेवटी मिस्त्रींनीच केले. सरळ नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही तोंडांना लाकडी खुंट्या मारायच्या, भट्टीत लाल करायची आणि साच्यावर ओढायची. आत वाळू असली की नळी वळते, पण चेपत नाही. वाळू भरायचं काम माझ्याकडं होतं. विष्णूचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे झाले. चौथा बेंड उतरला तेव्हा मिस्त्रींनी चारी नळ्या शेजारी ठेवून त्यांत फुंकर मारून बघितली. "सिद्रामाला द्याव्यात काय ह्या?" ते म्हणाले. "वाजवंल त्यो."

चारी नळ्या इंजिनला बसल्या, त्यांची एक झाली, मडगार्ड कापताना मामांनी डोळे मिटले, आणि जाड नळी डाव्या दाराखाली जाऊन पडली. मग मामांनी भोकाभोकाचा पत्रा मागवला आणि नळीवर त्याची ढाल करायला लावली. मिस्त्रींनी गॅसच्या ज्योतीनं नळी तापवली, आणि ढाल किती तापते हे बघायला मामा स्वतः गुडघ्यावर बसले आणि हातातलं लुगड्याचं फडकं तिला लावून धरलं. काढलं, गालाला लावलं, पुन्हा धरलं.

"अजून एक बोट लांब घ्या. पदर भाजता कामा नये."

मिस्त्रींनी एक बोट लांब घेतली. मग हरणी सुरू केली.

ती गुरगुरली नाही, की ओरडली नाही. तिनं छाती भरून हाक मारली. आवारातल्या कोंबड्या भिंतीवर चढल्या. मामा डाव्या सीटवर जाऊन बसले, डोळे मिटून तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मी उजव्या सीटवर होतो. ते काय म्हणाले, मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"ऐकू आलं?" इंजिन बंद करून त्यांनी विचारलं.

"नाही."

"झकास."

"थंड हाय तोवर ॲक्सिलेटरवरनं पाय काढू नका," मिस्त्री म्हणाले. "आता मोकळा गळा मिळालाय. एकदम सोडली तर बंद पडंल."

मामा तसेच सीटवर बसून राहिले. "लग्न झाल्यावर पहिल्यांदा आमी पन्हाळ्याला गेलो," ते म्हणाले. "सायलेन्सर फुटलेला हुता. हाच असला आवाज. ह्या, तुमच्या मामी, वाऱ्याकडं तोंड करून बसलेल्या. मधनं बघतो तर तोंड हलतंय. सारखं हलतंय. मी म्हटलं, काय म्हणताय? तर म्हणाल्या, कुठं काय. पुन्हा बघतो तर तोंड हलतंय. मला लई वाईट वाटलं. नवी पोर, आमचं चाळीस माणसांचं घर, सासूपुढं श्वास घ्यायची चोरी. काय तरी सांगत असंल आणि आपल्याला ऐकू येत न्हाई. दुसऱ्या दिवशी पहिलं काम, नवा सायलेन्सर घातला. गाडी अशी गप्प केली की टाचणी पडलेली ऐकू यावी. पुन्हा घेऊन गेलो. जाताना गप्प, येताना गप्प. त्यानंतर बसल्याच न्हाईत."

"मग आता उलट आवाज कशाला वाढवलात? बोललेलं कसं ऐकू येणार?"

मामांनी फडक्याची घडी घातली.

"त्या बोलत नव्हत्या, पाव्हणं," ते म्हणाले आणि सीटवरून उतरले.

धोंड्याचं जेवण झालं. मला अनारशांचं ताट मिळालं, उपरणं मिळालं, ओवाळलं गेलं.  हात धुऊन मामा बाहेर गेले, हरणी सुरू न करताच मला ढकलायला लावून फाटकासमोर आणली, धोतर झटकलं आणि मामींना हाक मारणार, तेवढ्यात गल्लीच्या पूर्वेकडून ढोल वाजला.

मग पश्चिमेकडून वाजला. मग देवळाकडच्या बोळातून क्लॅरिनेट आली आणि मागच्या बाजूनं झांजा. लग्नं नसल्यामुळं महिनाभर रिकामे बसलेले चार बेंड चार दिशांनी चार वेगवेगळी गाणी वाजवत आले आणि आमच्या फाटकाशी येऊन एकमेकांत मिसळले. त्याला संगीत म्हणणं अवघड आहे. खिडक्यांतून बायका, गच्चीवर पोरं, आणि प्रत्येकाची मान मड्डम बघायला लांब झालेली.

सिद्राम मास्तर सोनेरी काठी फिरवत पुढं आले. त्यांनी हरणीत वाकून बघितलं. सीट रिकामी.

"नवरी कुठं हाय, मालक?"

मामींना दंगा ऐकून राहवलं नव्हतं. त्या फाटकात येऊन उभ्या होत्या, पदर कमरेला, हाताला पुरण. मामांनी हरणीकडं बघितलं, मामींकडं बघितलं.

"ही काय," ते म्हणाले. "उभी हाय की."

"पण ह्या तर जुन्याच!"

"मग? तू वाजव."

मास्तरांनी काठी उचलली. चारी बेंड पुन्हा तुटून पडले. मामांनी डावं दार उघडलं आणि विचारलं असावं, पन्हाळ्याला येता का. मामींनी मान हलवली. नाही. सगळी गल्ली बघतेय, असा हात केला. माझ्या शेजारी शालननं माझी बाही घट्ट धरली.

 मामा फेरी मारून उजव्या बाजूनं आत बसले आणि त्यांनी हरणी सुरू केली.

चारी बेंड त्या आवाजात बुडाले. ढोलकरी ढोल बडवताना दिसत होते, ऐकू येत नव्हते. मामी दचकून मागं सरल्या. मग त्यांनी खाली बघितलं. दाराखालची नवी नळी, तिच्यावरची भोकाभोकाची ढाल, आणि त्या ढालीची कड टोचू नये म्हणून दुमडलेला पत्रा. बराच वेळ बघितलं. मग मामांकडं बघितलं. मामा सरळ समोर रस्त्याकडं बघत होते.

"मला काय बी ऐकू येत न्हाई बघा!" ते फुफ्फुस फुटेपर्यंत ओरडले. "तुमी काय बी म्हणा!"

मामींनी पुरणाचे हात पदराला पुसले. निऱ्या उचलल्या, ढालीवरून पाय टाकला आणि बसल्या.

वरात निघाली. पुढं चार बेंड, मधे हरणी, मागं अख्खी गल्ली. मी मागच्या चाकाशी चालत होतो, म्हणून मला दिसलं. आधी मामी ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. दत्ताच्या देवळापाशी ते हलल्यासारखे वाटले. पिठाच्या गिरणीपाशी मान डोलायला लागली. मग त्यांनी डोकं मागं टाकलं, गळ्याची शीर फुगली, डावा हात दाराच्या कडेवर जात्याचा खुंटा धरल्यासारखा गोल फिरायला लागला, आणि तोंड एवढं उघडलं की जेवताना कधी उघडलं नसेल. मामा रस्त्याकडं बघत होते.

कोपऱ्यावर गाडीला वाट द्यायला सिद्राम मास्तरांनी काठी आडवी केली. चारी बेंड एका झटक्यात थांबले. मामांनी वळणाला पाय काढला. हरणी अजून थंड होती. तिनं एक उचकी दिली आणि बंद पडली.

आणि त्या ठार शांततेत एक खणखणीत, मोकळा, पिठासारखा ताजा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला:

"सवत माझी विलायती, तिचं ढुंगण पत्र्याचं—"

मामींच्या लक्षात आलं, पण सूर उताराला लागला होता, थांबता थांबेना.

"—पुसाया नेलं धन्यानं, लुगडं माझं जत्रेचं!"

 एका क्लॅरिनेटवाल्याला नळी तोंडात असतानाच हसू आलं आणि त्याचा चीं असा आवाज झाला. मामींनी पदर तोंडात कोंबला. मामांचे कान मागून मला दिसत होते, जास्वंदीसारखे लाल. त्यांनी डावीकडं मान वळवली नाही.

"कार्बोरेटर," ते सगळ्या गल्लीला उद्देशून म्हणाले. "कचरा आला असंल. मी त्याच्याच नादात हुतो. काय वाजवत हुता रं, सिद्राम?"

आणि घाईघाईनं त्यांनी स्टार्टर दाबला. एकदा, दोनदा. मिस्त्री गर्दीतून धावत पुढं आले, तोवर हरणी पेटली, तिनं छाती भरून घेतली आणि दोघांना घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याला लागली. लांबवर निळा ठिपका होईपर्यंत दाराच्या कडेवरचा तो हात गोल गोल फिरताना दिसत होता.

दिवेलागणीला परतले. मामींच्या केसांचं सुगरणीचं घरटं झालं होतं आणि घसा असा बसला होता की पाणीसुद्धा खुणेनं मागितलं. मी मामांना गाठलं.

"मामा, पुढच्या ओव्या काय होत्या?"

"मला काय ऐकू येतंय?" मामा म्हणाले. "आवाज केवढा हाय गाडीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हरणी पुसत होते, स्वतःच्या धोतराच्या तुकड्यानं. लुगड्याचं फडकं धुऊन, झटकून दोरीवर वाळत घातलेलं होतं. जेवायला बसलो तेव्हा मामींनी शेंगदाण्याची चटणी वाढली. मामांनी भाकरीचा तुकडा लावला, चावला, आणि ताटावरून मान वर न करता म्हणाले, "भरड झालीया."

"व्हय," मामी घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "जास्त फिरवली न्हाई."